कोड्याची आठवण, मदतीचे विस्मरण : ‘ला-मुलाना’ या खेळाविषयी खेळाडूंच्या मतांचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

करमणुकीच्या वस्तूविषयी सामान्य माणसाने व्यक्त केलेले मत हे इतिहासाचे साधन ठरू शकते काय, हा प्रश्न नाटक व चित्रपट यांच्या अभ्यासकांनी कधीच मागे टाकला आहे. प्रेक्षकांची पत्रे, जाहिराती, तिकिटांच्या नोंदी यांच्या आधारे त्यांनी रसिकतेचा इतिहास लिहिला. व्हिडिओ गेमच्या बाबतीत मात्र आपल्या विद्यापीठीय वर्तुळात अद्याप संकोच दिसतो. मुलांचा वेळ खाणारी एक वस्तू, यापलीकडे तिचा विचार क्वचितच होतो. वास्तविक गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत या माध्यमाला स्वतःचा भूतकाळ निर्माण झाला आहे. इतकेच नव्हे, तर त्या भूतकाळाचे जाणीवपूर्वक अनुकरण करणारी एक स्वतंत्र शैलीही रूढ झाली आहे. तिलाच ‘रेट्रो’ असे म्हटले जाते.

प्रस्तुत लेखात या शैलीतील एकाच खेळाचा विचार केला आहे. ‘ला-मुलाना’ हा जपानी साहसी खेळ २००५ साली प्रथम प्रसिद्ध झाला. त्याविषयी खेळाडूंमध्ये जो मतभेद झाला, तो वरकरणी खेळ सोपा की अवघड एवढ्यापुरताच होता. प्रस्तुत लेखकाच्या मते त्याचे मूळ अन्यत्र आहे. १९८०च्या दशकातील खेळाडू कसा खेळत असे, याविषयीच्या दोन परस्परविरोधी आठवणींचा हा झगडा असून त्या दोन्ही आठवणी अपुऱ्या आहेत.

खेळाचे स्वरूप

‘जीआर३ प्रोजेक्ट’ नावाच्या तिघांच्या हौशी गटाने हा खेळ तयार केला आणि तो विनामूल्य उपलब्ध करून दिला. गटाचे प्रमुख ताकुमी नारामुरा. त्यांच्या आडनावातील अक्षरे जपानी लिपीत उलट क्रमाने वाचली की खेळाचे नाव मिळते. हा खेळ विंडोज प्रणालीवर चालणारा असला तरी त्याचे रूप ‘एमएसएक्स’ या जुन्या घरगुती संगणकाचे होते. एमएसएक्स हे १९८३ साली जाहीर झालेले संगणकाचे एक सामाईक मानक होय. जपानमधील आस्की ही कंपनी आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्यातून ते निघाले व जपानसह नेदरलँड्स, स्पेन, ब्राझील आदी देशांत रुजले. आरंभीच्या एमएसएक्सच्या पडद्यावर २५६ गुणिले १९२ ठिपके आणि मोजके सोळा रंग मावत. दृश्य सलग सरकवण्याची सोय नसल्याने नायक कडेला पोहोचला की संपूर्ण चित्र बदलून दुसरे येई. ‘ला-मुलाना’च्या कर्त्यांनी ही सारी बंधने, आधुनिक संगणकाला त्यांची काहीही गरज नसताना, स्वखुशीने पत्करली. कोनामी कंपनीचा १९८७ सालचा ‘मेझ ऑफ गॅलियस’ हा त्यांचा उघड आदर्श होता.

कथानायक लेमेझा कोसुगी हा पुरातत्त्वज्ञ. त्याच्या हातातील चाबूक आणि डोक्यावरील टोपी यांचे मूळ सांगण्याची आवश्यकता नाही. सर्व मानवी संस्कृतींचे उगमस्थान मानल्या गेलेल्या भग्नावशेषांत तो शिरतो. राक्षसांची समाधी, सूर्यमंदिर, अंतहीन मार्गिका अशी एकापाठोपाठ एक दालने लागतात. प्रत्येक ठिकाणी शिलापट्ट आहेत. ते वाचण्यासाठी आधी यंत्र आणि मग लिपी उलगडणारी आज्ञावली मिळवावी लागते. वाचलेल्या मजकुराचा अर्थ मात्र तेथेच लागेल याची शाश्वती नाही. एका दालनातील वाक्य चार दालनांपलीकडच्या कोड्याची किल्ली असते. पुढे पुढे ठरावीक जागी ठरावीक मंत्र उच्चारावे लागतात. मूळ खेळातही ‘मंत्र’ हाच शब्द वापरला आहे, ही आपल्या दृष्टीने एक गमतीची बाब.

चुकीला क्षमा नाही. काही दालनांत पवित्र वस्तूवर चाबूक उगारला की वरून वीज कोसळते. एका शिलापट्टावर तर हा मजकूर पुन्हा वाचू नये अशी ताकीद आहे. ती न मानता जो तो पट्ट पुन्हा वाचतो, त्याचा उर्वरित खेळ कायमचा अधिक कठीण होतो. शिलालेखाचे वाचन दहादा तपासून पाहण्याची शिस्त ज्यांच्या अंगी मुरली आहे, अशा आपल्यासारख्यांची येथे हमखास फसगत होईल.

मतांचे दोन प्रवाह

या खेळाविषयीची मते स्थूलमानाने दोन बाजूंना विभागली गेली. पहिल्या बाजूचे म्हणणे असे की, हा खेळ खेळाडूला सज्ञान समजतो. तो बोट धरून चालवत नाही. जवळ वही ठेवावी लागते, शिलापट्टांचा मजकूर उतरवून घ्यावा लागतो, नकाशे काढावे लागतात. आणि आठवडाभराने एखाद्या ओळीचा अर्थ अकस्मात उमगला की जो आनंद होतो, तो अलीकडच्या खेळांत मिळत नाही. जुने खेळ असेच होते, आपण ते स्वतःच्या बुद्धीने सोडवले, असा या मताला जोडून येणारा दावा. तयार उत्तरे पाहून पुढे जाणाऱ्यांविषयी या गटात काहीशी तुच्छता आढळते.

दुसऱ्या बाजूची तक्रार थेट आहे. कोडी अवघड नसून अन्यायकारक आहेत. सूचना आणि कृती यांत तर्काचा दुवा नाही, नायकाची उडी ताठर आहे, एका चुकीने तासाभराची मेहनत वाया जाते. जुन्या खेळांतील हे दोष त्या काळच्या तंत्राच्या मर्यादेतून किंवा कर्त्यांच्या अननुभवातून आले. आज ते मुद्दाम पुनरुज्जीवित करण्यात कसला पुरुषार्थ, असा हा सवाल आहे. उत्तरांची पुस्तिका हाती घेतल्यावाचून हा खेळ कोणी पूर्ण करूच शकत नाही, असेही हे खेळाडू म्हणतात.

साधनचिकित्सेच्या दृष्टीने येथे दोन गोष्टी लक्षात घेणे अगत्याचे आहे. पहिली अशी की, खेळ अर्ध्यावर सोडणारा मनुष्य सहसा दोन ओळी लिहितो किंवा काहीच लिहीत नाही. तो पूर्ण करणारा मात्र पानेच्या पाने लिहितो. लढाईची हकीकत वाचलेल्या शिपायांकडूनच मिळते, तसा हा प्रकार होय. दुसरी बाब भाषेची. जपानी न जाणणाऱ्या बहुसंख्य खेळाडूंना हा खेळ कळला तो २००७ साली हौशी भाषांतरकारांच्या ‘एऑन जेनेसिस’ या गटाने केलेल्या इंग्रजी रूपांतरामुळे. ज्या खेळाचे कोडे शब्दांच्या छटेवर उभे आहे, त्याच्या भाषांतरात दुवा निसटण्याचा संभव असतोच. म्हणून इंग्रजीतील तक्रार आणि जपानीतील तक्रार एकाच मापाने मोजणे धोक्याचे ठरेल.

मदतीची व्यवस्था

आता मूळ प्रश्नाकडे वळू. १९८०च्या दशकातील खेळाडू खरोखर एकटा खेळत होता काय?

पुरावा उलट दिशेने बोट दाखवतो. १९८४ साली नामको कंपनीचा, मासानोबू एंदो यांनी रचलेला ‘टॉवर ऑफ ड्रुआगा’ जपानमधील खेळगृहांत आला. या मनोऱ्याला साठ मजले. मजल्यांवर संदुका दडवलेल्या. त्या प्रकट होण्यासाठी काय करावे लागेल, याचा खेळात उल्लेखही नाही. कोठे विशिष्ट शत्रूंना विशिष्ट रीतीने मारावे लागते, तर कोठे अन्यच काही. काही संदुकांतील वस्तूंवाचून शेवट गाठता येत नाही. एका माणसाने आपल्या खिशातील नाणी खर्चून हे सारे शोधणे जवळपास अशक्य होते. ते शोधले गेले, कारण खेळगृहांत ठेवलेल्या वह्यांत खेळाडू आपापले शोध लिहून ठेवत. दुसरा ते वाचून पुढील मजला गाठी व आपली भर घाली. त्या कोड्याचा सोडवणारा हा एक व्यक्ती नसून एक समुदाय होता.

घरगुती खेळांचीही हीच कथा आहे. टोकुमा शोतेन या प्रकाशनाने काढलेली ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची मार्गदर्शिका जपानमध्ये १९८५ व १९८६ या दोन्ही वर्षी सर्वाधिक खपाच्या पुस्तकांत अग्रस्थानी होती. दोन वर्षे एका देशाचे अग्रगण्य पुस्तक हे एका खेळाच्या उत्तरांचे पुस्तक असावे, ही घटना बोलकी आहे. १९८६च्या ‘लेजंड ऑफ झेल्डा’विषयी त्याचे कर्ते शिगेरु मियामोतो यांनी पुढे सांगितले की, खेळाडूंनी एकमेकांना विचारावे, आपसांत बोलावे, हाच कोडी संदिग्ध ठेवण्यामागील हेतू होता. अमेरिकेत निन्टेन्डोने १९८८ साली स्वतःचे मासिक काढले आणि अडलेल्या मुलांसाठी दूरध्वनीवरून सल्ला देणारी माणसे नेमली. एमएसएक्सच्या मालकांसाठी तर जपानमध्ये स्वतंत्र मासिके होतीच.

आपल्याकडील अनुभवही याहून वेगळा नाही, फक्त छापील मजकुराची पायरी येथे नव्हती. एमएसएक्स महाराष्ट्रातील घरांत फारसा पोहोचला नाही. १९९०च्या दशकात शहरांतून व तालुक्याच्या गावांतून आली ती निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल करणारी स्वस्त यंत्रे. दूरदर्शन संचाला जोडायची, सुट्टीत तासाच्या भाड्यानेही मिळायची. त्यांवरील ‘काँट्रा’ हा खेळ त्या पिढीला सांगावा लागत नाही. हाही कोनामीचाच. आरंभीच्या पडद्यावर वर-वर, खाली-खाली, डावे-उजवे, डावे-उजवे असा क्रम दाबून मग दोन कळा दाबल्या की तीस जीव मिळतात, हे ज्ञान ना कोणत्या पुस्तकातून आले, ना यंत्रासोबतच्या कागदातून. ते वाड्यातून वाड्यात, एका आतेभावाकडून दुसऱ्या मावसभावाकडे गेले. ‘आम्ही काँट्रा पूर्ण केला’ असे आज अभिमानाने सांगणाऱ्या चाळिशीतील गृहस्थास ते तीस जीव कोणी दिले, असे विचारून पाहावे. प्रस्तुत लेखकालाही ते कोणी दिले हे आठवत नाही.

याचा अर्थ, ‘ला-मुलाना’च्या कर्त्यांनी जुन्या काळातील रंग, आवाज, ताठर उडी आणि गूढ कोडी यांचे पुनरुज्जीवन केले, पण कोड्याभोवतीची वही, मासिक, शेजारचा मुलगा, दुकानदार ही सारी मंडळी त्यांना पुन्हा निर्माण करता येण्यासारखी नव्हती. पहिल्या बाजूचे खेळाडू ‘आम्ही एकट्याने सोडवले’ म्हणतात तेव्हा ते या मंडळींना विसरतात. दुसऱ्या बाजूचे खेळाडू जुन्या कोड्यांना केवळ सदोष म्हणतात, तेव्हा ती कोडी एकट्यासाठी रचलीच नव्हती, हे त्यांच्या ध्यानी येत नाही. उत्तरे पाहणे ही फसवणूक नव्हे, आणि उत्तरांची गरज पडणे हा सर्वस्वी खेळाचा दोषही नव्हे.

प्रत्यक्षात खेळाडूंनी ही मंडळी आपल्या परीने पुन्हा उभी केलीच. नकाशे रेखाटले गेले, शिलापट्टांच्या नोंदी संकलित झाल्या. एका इंग्रजी भाषिक खेळाडूने स्वतःच्या बोलण्यासह संपूर्ण खेळ चित्रफितींच्या मालिकेत दाखवला, आणि जपानबाहेर या खेळाचे नाव होण्यास ती मालिका मोठ्या प्रमाणात कारणीभूत झाली. तेथे प्रेक्षक अडखळणाऱ्या माणसाला पाहत होता, त्याच्या चुकांवर हसत होता. खेळगृहात मागे उभे राहून दुसऱ्याचा खेळ पाहणारी गर्दी याहून फार निराळी नसावी.

पुनर्निर्मिती

मतांचा परिणाम खेळावरही झाला. नारामुरा यांच्या गटाने ‘निगोरो’ या नावाने खेळ नव्याने घडवला. तो २०११ साली जपानमध्ये निन्टेन्डोच्या वीवेअर सेवेवर आणि २०१२ साली संगणकावर आला. या आवृत्तीत एमएसएक्सचे सोळा रंग गेले. नंतरच्या पिढीच्या खेळयंत्रांसारखी समृद्ध चित्रे आली, उडी काहीशी सुधारली, सूचना वाढल्या. येथे मतांची पुन्हा फाळणी झाली. आरंभीच्या चाहत्यांपैकी काहींना एमएसएक्सचे रूप गेल्याने खेळाचा आत्माच गेला असे वाटले, तर नव्याने आलेल्यांना हीच आवृत्ती ‘जुन्या धाटणीची’ वाटली. ‘जुने’ या शब्दाचा अर्थ प्रत्येक पिढी आपल्या बालपणापासून मोजते, हे येथे जितके स्वच्छ दिसते तितके क्वचित दिसत असेल.

२०१३ साली हा खेळ स्टीम या विक्रीमंचावर आला, तोही तेव्हाच्या प्रथेप्रमाणे खेळाडूंच्या मतदानातून. पुढील वर्षी दुसऱ्या भागासाठी निगोरोने लोकवर्गणीचे आवाहन केले. लक्ष्य दोन लाख डॉलरांचे होते. जमले सुमारे दोन लाख सहासष्ट हजार. म्हणजे मत हे केवळ मत न राहता भांडवल झाले. दुसरा भाग २०१८ साली प्रसिद्ध झाला. वर्गणी देणारे बहुधा पहिल्या बाजूचेच असणार. त्यामुळे अन्यायाची तक्रार करणाऱ्यांचे मत या हिशेबात कोठे धरायचे, हा प्रश्न शिल्लक राहतो.

एक शेवटची नोंद. खेळात ‘नरकमंदिर’ नावाचा गुप्त विभाग आहे. तेथे न जाताही कथा पूर्ण होते. जे जातात त्यांना साऱ्या खेळातील सर्वांत क्रूर कोड्यांना सामोरे जावे लागते. तो पार केल्यावर मिळणारे बक्षीस म्हणजे पोहण्याचा एक तोकडा पोशाख. यावर संतापलेले खेळाडू आहेत, आणि पोट धरून हसलेलेही. मात्र तो पोशाख मिळवणाऱ्यांच्या लिखाणात पुढचा परिच्छेद बहुधा एकाच गोष्टीचा असतो : नंतर येणाऱ्यांसाठी त्या मंदिराचा, दालनागणिक खुणा केलेला, नकाशा.