केलं, करावं, केलं असतं : प्रस्तावना

'करणे' या एका धातूचा अभ्यास म्हणजे मराठी क्रियापदाचा निम्मा अभ्यास, असं म्हटलं तर व्याकरणकार रागावणार नाहीत. स्पॅनिश शिकणारे 'आसेर' या अशाच धातूपाशी अडतात: घडलेल्यासाठी 'इसो', इच्छा-शंकेसाठी 'आगा', न घडलेल्यासाठी 'इसिएरा'. आपल्याकडे हे काम केलं, करावं आणि केलं असतं ही रूपं करतात.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा पट्टा या अभ्यासाला फार सोयीचा. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी कुटुंबांच्या वसाहतीला १९४९ साली उल्हासनगर हे नाव मिळालं. सिंधी वाचकाला मराठी भूतकाळाचं भय नको. 'मूं कमु कयो' आणि 'मी काम केलं' यांची घडण एकच. दोन्हीकडे क्रियापद कर्त्याला सोडून कर्मामागे जातं. 'चयाईं' या एका शब्दात सिंधी माणूस 'त्याने म्हटलं' एवढं सांगतो. मराठीतही 'केलंस' म्हटलं की 'तू' वेगळा उच्चारावा लागत नाही.

मग 'मी काम केला' कुठून येतं? ती चूक काळाची नाही, लिंगाची. सिंधीत आणि हिंदीत नपुंसकलिंग उरलेलं नाही. बदलापूरकडच्या गावांतल्या आगरी बोलीत 'काय झाला?' सहज ऐकू येतं, पण तो बोलीचा स्वतःचा नियम आहे. त्याला कुणी शुद्धलेखनाची छडी दाखवू नये.

खरी गुंतागुंत विध्यर्थात आहे. भूतकाळात 'तो गेला' पण 'त्याने केलं'. विध्यर्थात मात्र 'त्याने जावं' आणि 'त्याने करावं', म्हणजे सकर्मक-अकर्मक हा भेद मिटतो. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६चं, मोरो केशव दामल्यांचं १९११चं. शिकणाऱ्याने दामले जवळ ठेवावेत. जाडजूड आहेत, पण उदाहरणांत कंजुषी नाही.

प्रमाण मराठीत या विध्यर्थाला स्वतःचा भूतकाळ नाही. 'त्याने अर्ज करावा' हे कालचं म्हणून सांगायचं तर 'करायला हवा होता' असा वळसा घ्यावा लागतो. संकेतार्थाचं तसं नाही: 'तो आला असता, तर त्याने चौकशी केली असती'. इथे 'केली' आणि 'असती' दोघीही चौकशीचंच ऐकतात.

आणि तरीही हाच विध्यर्थ घडून गेलेली गोष्ट सांगायला पुढे येतो, ती अनपेक्षित असली की. परीक्षेच्याच दिवशी विठ्ठलवाडीला लोकल बंद पडावी! इथे इच्छा नाही, आज्ञा तर नाहीच. पहिलं प्रकरण या 'पडावी'पासून सुरू होतं.