घरच्यांची परवानगी

धर्माबाद म्हणजे मिरचीचा बाजार. जवळच बासरची सरस्वती, तिथून तेलंगणा सुरू. सातारा-कोल्हापूरकडं घरटी एक माणूस फौजेत असलेली गावं आहेत. आमचा मुलूख १९४८ पर्यंत निजामाचा. इथं ती रीत तशी रुजली नाही. पोरगा शिक्षक झाला, रेल्वेत लागला, की घर निवांत.

म्हणून माझ्या भाच्यानं बारावी सायन्स करून लष्कराच्या वैद्यकीय दलात नर्सिंग असिस्टंटचा फॉर्म भरला, तेव्हा अक्का दोन दिवस जेवली नाही. "कामून जाऊलालास रे तिकडं? नांदेडला दवाखाने कमी हायत का?" भाचा म्हणाला, "आई, मी बंदूक चालवायला नाही, जखमा बांधायला चाललोय." अक्का म्हणाली, "जखमा बांधणाऱ्याला गोळी वळखती का?"

या प्रश्नाला कागदावर उत्तर आहे. १९४९ च्या जिनिव्हा करारानुसार दंडावर लाल क्रॉस असलेल्या वैद्यकीय माणसावर हल्ला करायचा नाही. पण जखमी जिथं पडतो तिथंच त्याला जावं लागतं, आणि तोफेचा गोळा दंडावरची पट्टी बघून पडत नाही. अक्काला करार माहीत नव्हता. तिची शंका मात्र खरी होती.

मला त्या दिवसांत सोलापूरचं कोटणीसांचं घर सारखं आठवायचं. जपाननं चीनवर हल्ला केल्यावर चिनी सेनापती चू तेह यांनी नेहरूंकडं डॉक्टरांची मदत मागितली. सुभाषबाबू तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष. सप्टेंबर १९३८ मध्ये पाच डॉक्टर मुंबईहून बोटीनं निघाले: अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. वय अठ्ठावीसही पुरं नव्हतं. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजातून नुकतेच डॉक्टर झालेले. मध्यमवर्गीय घर, पाठीशी भावंडं. अशा घरात मुलगा डॉक्टर झाला की सगळ्यांचे डोळे त्याच्या कमाईकडं लागतात. चीनची ओळख म्हणजे रेशीम विकायला येणारे चिनी, एवढीच. तरी वडील शांतारामपंतांनी मुलाला अडवलं नाही.

ते चीनमध्ये असतानाच वडील वारले. कोटणीस परतले नाहीत. १९३९ मध्ये येनानला पोचले, पुढं आठव्या रूट आर्मीबरोबर आघाडीवर राहिले. जानेवारी १९४१ मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. तिथंच क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, मुलगा झाला. बाकीचे चौघे यथावकाश मायदेशी आले. ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्यानं कोटणीस गेले, वय बत्तीस. गोळीनं नव्हे, आजारपणानं आणि अंग मोडून केलेल्या कामानं.

पुढं १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर सिनेमा काढला. चिनी नेते भारतात आले की कोटणिसांच्या घरच्यांना भेटू लागले. सोलापुरात त्यांच्या राहत्या घरात स्मारक झालं. सगळं झालं. पण लढाईच्या त्या मुलखातून टपाल यायचं तेव्हा यायचं. नवरा गेलेला, मुलगा समुद्रापार, अशा आईनं ती चार वर्षं पोस्टमनकडं बघत कशी काढली असतील, हे सिनेमात मावत नाही. जाणाऱ्याच्या धाडसाची नोंद होते. त्याला जाऊ देणाऱ्यांची एका ओळीत होते.

मी हे अक्काला सांगितलं ते तिचं मन वळवायला नाही. कोटणीस परत आले नाहीत, हे आधी सांगितलं. ती ऐकत मिरच्यांची देठं काढत राहिली. मग विचारलं, "त्याच्या मायनं कधी म्हणलं का, कामून धाडलं म्हणून?"

मला उत्तर देता आलं नाही.

आता भाचा लखनौला प्रशिक्षण घेतोय. तिथंच आर्मी मेडिकल कोअरचं केंद्र आहे. दल उभं राहिलं ३ एप्रिल १९४३ ला, कोटणीस गेले त्यानंतर चार महिन्यांनी. निघताना अक्कानं पगाराचं काहीच बोलणं केलं नाही. एवढंच म्हणाली, "रविवारचा फोन चुकवायचा नाही. बोलायला काही नसलं तरी लाव." भीती तिची गेलेली नाही. भीतीसकट तिनं हो म्हटलंय.