आतड्याचे अस्तर आणि किरणोपचाराचा इतिहास

सातारा-सांगली परिसरातील अनेक माता-भगिनींनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर मिरज वा मुंबई येथे रेडिएशनचे उपचार घेतले आहेत. रोग हटतो, परंतु काहींना पुढे महिन्यांनी वा वर्षांनी जुलाब, पोटदुखी, शौचावाटे रक्त असा त्रास सुरू होतो. संकोचापोटी तो घरातही सांगितला जात नाही. म्हणून या विषयाचा इतिहास समाजबांधवांपुढे ठेवणे उचित वाटते.

१८९५ मध्ये राँटजेन यांनी क्ष-किरण शोधले. अवघ्या दोन वर्षांत, १८९७ साली, डेव्हिड वॉल्श यांनी या किरणांमुळे आतड्यास होणाऱ्या इजेची नोंद केली. आतड्याचे अस्तर तीन ते पाच दिवसांत नवे होते आणि वेगाने विभागणाऱ्या पेशींवरच किरणांचा आघात अधिक होतो, हे त्यामागील कारण पुढे उलगडले.

आतड्याची पातळ चकती रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली असता आखूड झालेले अंकुर आणि तेथे जमलेल्या संरक्षक पेशी दिसतात. मृत पेशी गिळून टाकणाऱ्या अशा पेशींचे कार्य मेचनिकॉव्ह यांनी १८८२ मध्ये ओळखले. १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. मात्र दाह दीर्घकाळ टिकला, तर ऊतींत व्रणतंतू वाढतात, रक्तवाहिन्या अरुंद होतात. आज चमकणारी रंगद्रव्ये जोडलेल्या प्रतिपिंडांच्या साहाय्याने या निरनिराळ्या पेशी वेगवेगळ्या रंगांत पाहता येतात.

आपल्या राज्यात २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळ येथे टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी कर्करोग-संशोधनाचा पाया घातला. याच संस्थेने २०११ ते २०१९ या काळात शस्त्रक्रिया झालेल्या ३०० महिलांचा अभ्यास केला. नेहमीच्या किरणोपचारात तीन वर्षांत ४२.४ टक्के महिलांना आतड्याचा मध्यम वा तीव्र त्रास झाला. प्रतिमांच्या आधारे नेमकेपणाने किरण दिले असता हे प्रमाण २१.१ टक्के राहिले. रोगावरील नियंत्रणात मात्र उणीव आली नाही. २०२१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

किरणांनी असंख्य प्राण वाचविले, म्हणून ते टाळणे योग्य नव्हे. उपचारांपूर्वी डॉक्टरांना आतड्याच्या संरक्षणाविषयी विचारावे आणि नंतरचा त्रास लपवू नये. घरातील ज्येष्ठ भगिनीला आपुलकीने एक प्रश्न विचारणे, हीही मोठी सेवाच होय.