मंद्र स्वराचे सेवक : आपल्या लोकांतील बेसवादकांचा अल्प इतिहास

धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त जी स्मरणिका निघते, तीत देवालयाच्या बांधकामाचा, आजवरच्या धर्मगुरूंचा, धर्मभगिनींच्या शाळेचा व दानशूर कुटुंबांचा वृत्तांत अगत्याने दिलेला असतो, आणि तो तसा असावयासच पाहिजे. गायनमंडळाच्या वाट्यास त्यात बहुधा एखादा परिच्छेद येतो. त्या परिच्छेदात ऑर्गन वाजविणाऱ्याचे व गाणाऱ्यांचे स्मरण होते. पण सर्वांच्या मागे भिंतीशी उभा राहून जो मंद्र स्वर सांभाळतो, त्याचा उल्लेख सहसा सापडत नाही. यास्तव ह्या प्रसंगी त्या उपेक्षित सेवकाचा इतिहास आमच्या वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. ज्यास पूर्वी डबल बेस म्हणत व आज बेस गिटार म्हणतात, त्या वाद्याचा हौशी वादक हा आमचा विषय होय. हौशी म्हणजे दिवसा कचेरीत, शाळेत किंवा कारखान्यात भाकरी मिळविणारा, आणि रात्री लग्नसमारंभात, उत्सवाच्या मंचावर व रविवारी देवालयात वाजविणारा.

कोल्हापूरच्या वाचकास खर्जाची महती निराळी सांगावयास नको. ह्या नगरीत गायन समाज देवल क्लब १८८३ सालापासून नांदत आहे, आणि शाहू महाराजांच्या आश्रयास येथे राहिलेल्या अल्लादियाखाँसाहेबांची गायकी गोव्याच्या केसरबाई केरकरांसारख्या शिष्यांनी देशभर नेली. पहाटे उठून खर्ज साधल्याशिवाय गळा तयार होत नाही, हे येथील गवयांच्या घरचे पोरही जाणते. तंबोऱ्याची शेवटची खर्जाची तार उतरलेली असेल तर गायकाचा पाय स्थिर होत नाही. पाश्चात्य संगीतात अनेक स्वर एकाच वेळी वाजतात. त्या स्वरसमूहाचा तळ दाखवून देणे हे बेसचे काम. वरच्या स्वरांनी गीत सजते. कोणत्या भूमीवर ते उभे आहे हे मात्र खालच्या स्वरावरून कळते.

आपल्या कॅथोलिक समाजात हे वाद्य आले ते गोव्याच्या वाटेने. सोळाव्या शतकापासून गोव्यातील देवालयांशी जोडलेल्या शाळांतून मुलांस प्रार्थनेबरोबर स्वरलिपी व गायन शिकविण्याची रीत पडली. तेथील मेस्त मुलाच्या हाती आधी व्हायोलिन देई. त्यापूर्वी कित्येक महिने त्याजकडून नुसती स्वरांची नावे म्हणवून घेई. पोर्तुगीज भाषेत डबल बेसला ‘रबेकांव’ अशा उच्चाराचे नाव आहे. उपवासकाळात गोव्यातील देवालयांत जी मोतेत नावाची शोकगीते गातात, त्यांस व्हायोलिन, क्लॅरिनेट व रबेकांव ह्यांची साथ असते. पुरुषभर उंचीचे ते अवजड वाद्य वाहून नेणे हीच एक सेवा होती. आजरा, गडहिंग्लज, चंदगड ह्या भागांतील आपल्या कित्येक कुटुंबांचे गोव्याशी जुने नाते आहे, आणि संगीताची ती शिदोरी घेऊन घाट चढून आलेली माणसे आपल्याच पूर्वजांपैकी होत.

पुढे पोटासाठी ही माणसे मुंबईस गेली. धोबी तलावाच्या परिसरातील गोवेकरांच्या कूडांतून राहून त्यांनी मूकपटगृहे, हॉटेले व संस्थानिकांचे बँड ह्यांत चाकरी धरली. १९३५ साली लिऑन अॅबी ह्या अमेरिकन निग्रो वादकाचा जाझ वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. अशा वाद्यवृंदांकडून आपल्या लोकांनी ती नवी कला उचलली. आल्दोन्याचे आंतोनियु शाविएर वाझ ‘चिक चॉकलेट’ ह्या नावाने प्रसिद्धीस आले. हिंदी चित्रपटांची गाणी जेव्हा मोठ्या वाद्यवृंदावर बसू लागली, तेव्हा स्वरलिपी लिहिता-वाचता येणारे लोक हवेसे झाले. संगीतकाराने चाल गुणगुणावी व सेबास्तियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, अँथनी गोन्साल्विस ह्यांच्यासारख्यांनी ती प्रत्येक वाद्यासाठी कागदावर उतरवावी, असा क्रम होता. माजोर्ड्याचे गोन्साल्विस (१९२७–२०१२) ह्यांनी १९५८ साली इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा स्थापून भारतीय राग व पाश्चात्य वाद्यवृंद ह्यांचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला. ह्या सर्व विद्वत्तेचे मूळ गावच्या देवालयाच्या ओसरीवर गिरविलेल्या स्वरलिपीत होते, हे आपण विसरता कामा नये.

ही कीर्ती थोड्यांची. बहुसंख्य वादक अनामिक राहिले, आणि त्यांच्या जीवनात एक धार्मिक अडचण होती, ती आजच्या तरुणांस ठाऊकही नसेल. पूर्वी पवित्र कम्युनियन घेणाऱ्याने मध्यरात्रीपासून अन्नपाणी वर्ज्य करावे असा ख्रिस्तसभेचा नियम होता. शनिवारच्या लग्नात वाजविणाऱ्यास पंगत उठल्यावर, म्हणजे बहुधा मध्यरात्र उलटल्यावर, जेवावयास मिळे. तो जेवला तर सकाळच्या मिस्सेत प्रभुभोजनास मुके. न जेवला तर रात्रभर उभे राहून पहाटे उपाशीपोटी घरी परत. दुसऱ्यांच्या आनंदासाठी वाजविणाऱ्या ह्या माणसापुढे असा पेच आठवड्यामागून आठवडा उभा राही. १९५३ साली पोप बारावे पायस ह्यांनी ह्या नियमाचे बंधन सैल केले व पाण्याने उपवास मोडत नाही असे ठरविले. १९५७ साली तीन तासांचा व १९६४ साली पोप सहावे पॉल ह्यांनी एका तासाचा उपवास पुरेसा केला. ह्या सवलतींनी ज्या ज्या घरी समाधान झाले असेल, त्यांत रात्रपाळीच्या कामगाराबरोबर वादकाचेही घर होते. शिवाय आगमनकाळ व उपवासकाळ ह्यांत थाटाची लग्ने होत नसत. तेव्हा वर्षातील कित्येक आठवडे वादकाच्या मिळकतीस खंड पडे, आणि त्याच आठवड्यांत देवालयातील बिनमोल सेवेचा भार मात्र वाढे.

१९५१ साली ह्या धंद्याचे रूपच पालटले. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर ह्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाने विजेवर वाजणारी बेस गिटार बाजारात आणली. तिच्या चार तारा डबल बेसप्रमाणेच लावावयाच्या. सर्वांत जाड तार सेकंदास सुमारे ४१ कंपने करते. तारेची वाजती लांबी ३४ इंच. दांडीवर धातूचे पडदे असल्याने बोट अचूक स्वरावर पडते, व म्हणूनच त्या वाद्यास अचूकपणाचे नाव दिले गेले. तारांखाली लोहचुंबक व त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. पोलादी तार हलली की वेटोळ्यात सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि ध्वनिवर्धक तो मोठा करून कर्ण्याकडे धाडतो. ज्या वाद्यास पूर्वी बैलगाडी लागे, ते आता गवसणीत घालून पाठीवर टाकता येऊ लागले.

तथापि आपल्या देशात हे वाद्य सुखाने मिळत नव्हते. १९९१ पूर्वी परदेशी मालाच्या आयातीवर कडक निर्बंध व जबर जकात होती. जहाजावर किंवा आखाती देशांत नोकरीस असलेल्या नातलगाने आणून दिली तरच परदेशी गिटार दिसावयाची. एरव्ही कलकत्त्याच्या गिव्हसनसारख्या देशी बनावटीवर भागवावे लागे. मुंबईस धोबी तलावाच्या फुर्तादोंच्या दुकानातून तारा आणावयाच्या, त्या मळल्या की पातेल्यात उकळून पुसून पुन्हा चढवावयाच्या, हा गरीब वादकाचा सर्वत्र चालणारा उपाय होता. उकळल्याने वेढ्यांत साचलेला घाम व मळ निघून जातो आणि तारेस काही दिवस नवा आवाज येतो. ध्वनिवर्धकही बहुधा सभेच्या भाषणांसाठी भाड्याने आणलेला. त्याचे कर्णे माणसाच्या आवाजासाठी केलेले. त्यांतून खर्ज काढू गेल्यास पडदा फाटण्याचे भय. खर्जास बारा किंवा पंधरा इंचांचा कर्णा व भक्कम लाकडी पेटी लागते, हे अनुभवानेच कळे. इतक्या अडचणींतही १९७० व १९७१ साली सिमला बीट ह्या स्पर्धेतील तरुण वाद्यवृंदांच्या तबकड्या निघाल्या, आणि राहुलदेव बर्मन ह्यांच्या गाण्यांतून टोनी वाझ ह्यांच्यासारख्यांची बेस गिटार घरोघरीच्या रेडिओवर ऐकू येऊ लागली.

कोल्हापूर तर कलापूरच. १९१८ साली बाबुराव पेंटरांनी येथे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. १९२९ साली प्रभातचा जन्म येथेच झाला, आणि १९३३ साली ती पुण्यास जाण्यापूर्वी ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट येथेच तयार झाला. शाहू महाराजांनी बांधविलेले पॅलेस थिएटर १९१५ साली उघडले. पुढे त्यास केशवराव भोसले ह्यांचे नाव मिळाले, आणि ८ ऑगस्ट २०२४ रोजी ते आगीत भस्मसात झाले, तेव्हा नगरीतील लहानथोर हळहळले. अशा गावात गणेशोत्सवाच्या मंडपांत ऑर्केस्ट्रा रुजल्यास नवल नाही.

ह्या क्षेत्रात उतरलेल्या हौशी बेसवादकास किती प्रकारचे ज्ञान ठेवावे लागते ते पाहावे. कॅथोलिक लग्नात वॉल्ट्झ सुरू झाला की तीन मात्रांपैकी पहिलीवर त्याने पाय रोवावा. फॉक्सट्रॉटमध्ये पहिल्या व तिसऱ्या मात्रेवर. जाझमध्ये चारही मात्रांवर चालत राहावे. डिस्कोत एकच स्वर खाली-वर आलटून पालटून द्यावा. मंचावर लावणी आली की ढोलकीच्या धुमाळीशी भांडण न करता षड्ज-पंचम धरून राहावे. भजनात केहरवा किंवा दादरा ओळखून मोजकेच बोलावे. आणि हे सर्व इतके बेमालूम करावे की श्रोत्याचे लक्ष गायकावरून हलू नये. वाजविणे थांबल्यावाचून ज्याची आठवण होत नाही, असा हा सेवक आहे. संत पौलाने करिंथकरांस शरीराच्या अवयवांचा दृष्टांत दिला, त्यातील झाकलेल्या अवयवांचा मान वाचताना आम्हांस ह्या वादकांचे स्मरण होते.

आता कोणी पुसेल की, नाचगाण्यात वाजलेले वाद्य देवघरी कसे चालावे? प्रश्न नवा नाही. पोप दहावे पायस ह्यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी, संगीतकारांची आश्रयदात्री संत सिसिलिया हिच्या सणादिवशी, पवित्र संगीताविषयी जे आज्ञापत्र काढले, त्यात पियानो, ढोल, झांजा इत्यादी वाद्ये देवालयात वर्ज्य केली. बँडला देवालयाबाहेरील मिरवणुकीपुरती व तीही बिशपमहाशयांच्या परवानगीने मोकळीक ठेवली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली ऑर्गनचा मान कायम राखून इतर वाद्यांस द्वार उघडले. परंतु अटी घातल्या. वाद्य पवित्र उपयोगास योग्य असावे अथवा करता यावे, मंदिराच्या प्रतिष्ठेस शोभावे, आणि भाविकांच्या भक्तीस त्याने खरोखर साह्य व्हावे. १९६७ च्या सूचनापत्राने हेच पुन्हा सांगून केवळ लौकिक मानली जाणारी वाद्ये दूर ठेविली. आम्ही असे समजतो की ह्या अटींचा रोख वाद्याच्या लाकडाइतकाच वादकाच्या वृत्तीवर आहे. ज्या रबेकांवने लग्नात वॉल्ट्झ वाजविला, त्याच्याच तारांनी उपवासकाळात प्रभूच्या दुःखसहनाचे मोतेत सांभाळले, आणि गोव्यातील भाविकांस त्यात विसंगती वाटली नाही. मात्र शनिवारचा मंच रविवारी वेदीपाशी आणू नये, एवढा विवेक वादकाने राखलाच पाहिजे. देवालयात गीताचे शब्द ऐकू येतील इतकाच खर्ज असावा.

आज ह्या सेवेवर निराळे संकट आले आहे. एकीकडे यंत्रावरील तयार ताल व कीबोर्डवरील डावा हात बेसवादकाची जागा घेत आहेत. आयोजकास एका माणसाची बिदागी वाचते. दुसरीकडे मिरवणुकीत ज्यास लोक डॉल्बी म्हणतात, त्या भिंतीएवढ्या कर्ण्यांतून तोच खर्ज खिडक्यांची तावदाने हादरवीत जातो व म्हाताऱ्यांच्या आणि तान्ह्यांच्या छातीत धडकी भरवितो. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकास बंदी करणारे २००० सालचे नियम ह्याच उपद्रवापायी कडकपणे पाळावे लागतात, आणि त्यात बिचाऱ्या साध्या वाद्यवृंदाचेही काम आटते. जो स्वर सर्वांस आधार देण्यासाठी होता, तो सर्वांवर दंडेली करू लागला, ह्याची खंत जुन्या वादकांइतकी कोणास असणार?

यास्तव ज्युबिलीच्या ह्या वर्षी आमची आपल्या धर्मग्रामास एक विनंती आहे. २००५ साली सिंधुदुर्ग धर्मप्रांत निर्माण होऊन कोल्हापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे एका बिशपमहाशयांच्या छत्राखाली आले. म्हणजे जिथून ही विद्या आली ती वाट पुन्हा आपल्या घरचीच झाली आहे. तेव्हा ज्या घरी जुनी गिटार किंवा व्हायोलिन गवसणीत पडून असेल, त्यांनी ती बाहेर काढावी. ज्यांस स्वरलिपी येते त्यांनी आठवड्यातून एक तास चार मुलांस द्यावा. देवालयाची ओसरी त्यासाठी मोकळी आहे. वादकास लग्नाला बोलाविणाऱ्या यजमानाने त्यास पाहुण्यांबरोबर वेळेवर जेवू घालावे व ठरलेली बिदागी त्याच रात्री हाती द्यावी. हा धर्मच आहे. आणि मुलांस आम्ही एवढेच सांगू की, पुढे उभे राहण्याची हौस सर्वांस असते. मागे उभे राहून दुसऱ्याचे गाणे तोलून धरण्यास अधिक साधना लागते.

ज्यांची नावे आपल्या वहीत नाहीत, पण ज्यांच्या स्वरावर आपल्या वाडवडिलांनी स्तोत्रे गायिली, त्या सर्व दिवंगत वादकांच्या आत्म्यांस प्रभू चिरशांती देवो, आणि हयात असलेल्यांच्या हातांस बळ देवो. संत सिसिलियेच्या मध्यस्थीने ही सेवा आपल्या धर्मग्रामात पुढील पिढीपर्यंत अखंड चालो, हीच प्रार्थना.