मुचकुंदेच्या काठचे नवे नगर

ज्यांची कुलदैवते समुद्राच्या आसमंतात वसली आहेत, त्या आम्हां कोकणी-मराठी मंडळींस जलप्रलय म्हटला की उधाण आणि वादळ यांचेच स्मरण होते. हैदराबादेस समुद्र नाही. तथापि पाण्याने उद्ध्वस्त होऊन त्याच काठावर पुन्हा देखण्या रूपाने उभे राहिलेले नगर ज्यांस पाहावयाचे असेल, त्यांनी सकाळच्या उन्हात नया पुलावर जाऊन उभे राहावे. दक्षिणतीरी उच्च न्यायालयाची तांबूस वास्तू, उत्तरतीरी उस्मानिया रुग्णालयाचे घुमट, मध्ये नदी. आम्ही प्रथम हे दृश्य पाहिले तेव्हा हा सारा थाट केवळ राजवैभवाचा असावा, असाच आमचा समज झाला. त्याच्या मुळाशी एक भयंकर दिवस आहे, हे मागाहून कळले.

नदीस आज सर्वजण मुसी म्हणतात. तिचे जुने नाव मुचकुंदा. विकाराबादेजवळच्या अनंतगिरीवर ती उगम पावते. तेथे अनंतपद्मनाभाचे देवस्थान आहे. मांधात्याचा पुत्र मुचकुंद याच डोंगरातील गुहेत निजला होता, कालयवन त्याच्या दृष्टीने येथेच भस्म झाला, आणि श्रीकृष्णाचे पाय धुतलेल्या पाण्याची ही नदी झाली, अशी स्थानिक श्रद्धा आहे. पुढे वाडपल्लीस अगस्त्येश्वराच्या सान्निध्यात ती कृष्णेस मिळते. एरवी क्षीण वाहणाऱ्या या नदीस निजलेल्या राजाचे नाव मिळावे, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते.

1908 च्या सप्टेंबरात शारदीय नवरात्र नुकतेच बसले होते. शमशाबादेस 24 तासांत सुमारे 13 इंच पाऊस झाला. नदीच्या पाणलोटात लहानमोठे 788 तलाव होते. त्यांपैकी 221 फुटले. एक तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावावर कोसळे, आणि तोही जाई. 28 सप्टेंबरच्या पहाटे हा सारा लोंढा नगरात शिरला. अफजल, मुसल्लमजंग व चादरघाट हे पूल मोडले. 1578 चा पुराना पूल तेवढा तगून राहिला. मृतांची संख्या सामान्यतः 15 हजार सांगतात. पेटला बुरुजावर चढलेले लोक बुरुजासकट वाहून गेले, आणि अफजलगंजातील एका चिंचेच्या झाडावर चढलेले सुमारे दीडशे जण वाचले, असे सांगतात. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची माता, पत्नी व कन्या त्यांच्या देखत गेली.

निजाम मीर महबूब अली खान यांनी नदीची विधिवत् पूजा करून तिला साडीचोळी अर्पण केली, अशी कथा जुन्या शहरात अजूनही सांगतात. तिची शहानिशा आम्ही करीत बसत नाही. मुसलमान राजाने मुचकुंदेची ओटी भरली, हे सांगताना हिंदू व मुसलमान दोघांचाही स्वर सारखाच मृदू होतो, एवढे आम्ही ऐकले आहे.

पूजेनंतर विद्येस पाचारण झाले. मुंबई इलाख्याच्या सेवेतून नुकतेच निवृत्त झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1909 च्या एप्रिलात हैदराबादेस आले. पुण्यात शिकलेले, खडकवासल्याच्या धरणास स्वयंचलित दरवाजे बसविणारे हे गृहस्थ महाराष्ट्रास परके नव्हते. त्यांनी नगराला भिंती घालून नदी अडविण्याचा विचार केला नाही. पूर वरच्या अंगालाच धरून ठेवावा आणि नगरातील काठ उंच करून तेथे उपवने व फिरावयाचे रस्ते करावेत, असे सुचविले. त्याप्रमाणे मुसीवर उस्मानसागर (1920) व तिच्या ईसी या उपनदीवर हिमायतसागर (1927) बांधले गेले. नगराला पुढे प्यावयाचे पाणी याच तलावांनी दिले. ज्या पाण्याने मारले, त्याच पाण्याने तहान भागविली.

1912 साली नगरसुधार मंडळ स्थापन झाले, आणि उजाड काठावर व्हिन्सेंट एश याच्या देखरेखीखाली न्यायालय, रुग्णालय व सिटी कॉलेज उभे राहिले. आम्हांस विशेष वाटते ते हे, की घरे वाहून गेली त्या नदीकडे या वास्तूंनी पाठ फिरविली नाही. त्यांची दर्शनी अंगे पाण्याकडेच आहेत.

मात्र पाहुण्याने नाकावर रुमाल धरूनच हे सौंदर्य पाहावे लागते. सांडपाण्याने मुचकुंदा काळी झाली आहे. इम्लीबनचे बसस्थानक तर नदीच्या पात्रातच उभे आहे. 1996 साली दोन्ही तलावांच्या भोवती 10 किलोमीटरपर्यंत बांधकामांवर निर्बंध घातले गेले. 2022 साली ते उठविण्याचा आदेश निघाला. 2020 च्या जुलैत पावसाचे पाणी उस्मानिया रुग्णालयाच्या जुन्या इमारतीत शिरून रुग्ण हलवावे लागले, आणि ऑक्टोबरात कित्येक वस्त्या पाण्याखाली गेल्या. पाणलोटातले जुने तलाव कोठे गेले, हे त्या वस्त्यांची नावे वाचली तरी कळते. कुंटा म्हणजे तेलुगूत लहान तळे.

ती चिंच अजून आहे, रुग्णालयाच्याच आवारात. फांद्या फार पसरल्या आहेत. 28 सप्टेंबरला काही नागरिक तिच्याखाली जमतात; आम्ही गेलो त्या दिवशी तेथे रुग्णांचे नातलग सतरंजी अंथरून डबा खात बसले होते.