नाहीसा झाला की केला?

‘माझ्याकडे लिहिलेलं पत्र आहे’ हे लॅटिनमध्ये ‘हाबेओ एपिस्तुलाम स्क्रिप्ताम’ असं सांगता येई. ‘हाबेओ’ म्हणजे माझ्याकडे आहे आणि ‘स्क्रिप्ताम’ म्हणजे लिहिलेलं. लॅटिनमध्ये पत्र स्त्रीलिंगी, म्हणून त्याचं हे विशेषणही स्त्रीलिंगी. पत्र कोणी लिहिलं हे वाक्यात कुठेच नाही; ते दुसऱ्या कुणी लिहून दिलेलंही असू शकेल. पण लिहून तयार असलेलं पत्र ज्याच्याकडे असतं, त्यानंच ते बहुधा लिहिलेलं असतं. बोलणारे हा अर्थ गृहीत धरत गेले आणि ‘माझ्याकडे लिहिलेलं पत्र आहे’चं ‘मी पत्र लिहिलं आहे’ झालं. स्पॅनिशचा पूर्ण वर्तमानकाळ असा घडला.

जुन्या कास्तिलियनमध्ये हे धातुसाधित विशेषण अनेकदा कर्माप्रमाणे बदलत असे, जसं मराठीत आजही ‘पत्र लिहिलं आहे’ आणि ‘चिठ्ठी लिहिली आहे’ असं बदलतं. पुढे ‘आबेर’ या क्रियापदातला मालकीचा अर्थ झिजत गेला, तो ‘तेनेर’नं उचलला आणि ‘आबेर’ केवळ सहायक उरलं. त्याच्या सोबतचं विशेषणही मग गोठलं. पत्र एक असो वा दहा, ‘ए एस्क्रितो’ हेच रूप. १४९२ साली अंतोनियो दे नेब्रिहानं कास्तिलियन भाषेचं व्याकरण छापलं, तेव्हा हे गोठलेलं रूप त्याला इतकं वेगळं वाटलं की त्यानं ते नेहमीच्या धातुसाधितांपासून काढून शब्दांच्या स्वतंत्र जातीत घातलं. ‘मी प्रेम केलं आहे’ म्हणताना बाईसुद्धा ‘आमादो’च म्हणते, ‘आमादा’ नाही, हे त्यानं नोंदवलं. येणं, जाणं, मरणं अशा क्रियापदांसोबत मात्र तेव्हा ‘सेर’ हे सहायक चाले आणि रूप कर्त्याप्रमाणे बदले. सतराव्या शतकापर्यंत तीही बहुतेक ‘आबेर’च्या ताब्यात गेली.

आज स्पॅनिश शिकणाऱ्याला या इतिहासाचे तीन नियम होऊन भेटतात. ‘आबेर’सोबत रूप बदलत नाही आणि वाक्यात कर्ता असतो: त्यानं दार बंद केलं आहे. ‘सेर’सोबत ते लिंगवचनाप्रमाणे बदलतं आणि हवं तर कर्ताही जोडता येतो: दार पहारेकऱ्याकडून बंद केलं गेलं. ‘एस्तार’सोबतही ते बदलतं, पण तिथे फक्त स्थिती उरते: दार बंद आहे. कोणी बंद केलं हा प्रश्न ते वाक्य उपस्थितच करत नाही.

वर्गात हा नियम दारं-खिडक्यांवर शिकवला जातो. अर्जेंटिनात तो माणसांना लागला.

२४ मार्च १९७६ रोजी तिथे लष्करानं सत्ता घेतली. लोकांना घरातून, रस्त्यातून, कामाच्या जागेवरून उचललं जाऊ लागलं. गुप्त छावण्यांमध्ये त्यांचा छळ झाला, बहुतेकांना मारण्यात आलं, आणि चौकशीला आलेल्या नातेवाइकांना असा कुणी आमच्याकडे नाही असं उत्तर मिळालं. या माणसांसाठी शब्द रूढ झाला ‘देसापारेसिदो’: नाहीसा झालेला, बाई असेल तर ‘देसापारेसिदा’. मूळ क्रियापद ‘देसापारेसेर’ अकर्मक. ढग नाहीसे होतात, किल्ल्या नाहीशा होतात. नाहीसं करणारा कुणी त्यात नसतो.

डिसेंबर १९७९मध्ये एका पत्रकारानं लष्करशहा होर्हे राफाएल विदेलाला याबद्दल थेट विचारलं. त्याच्या उत्तराचा आशय असा: नाहीशा झालेल्या माणसाला अस्तित्वच नाही, तो जिवंतही नाही, मृतही नाही, तो नाहीसा आहे. क्रियापद होतं ‘एस्तार’, म्हणजे नुसती स्थिती सांगणारं. राज्यकर्त्याला हवं होतं ते व्याकरणानं आयतं पुरवलं: परिणाम आहे, पण तो घडवणारा नाही.

नातेवाइकांनी हा शब्द टाकला नाही. त्यांनी त्यात कर्ता परत आणला. त्यांच्या संघटनांनी, शेजारच्या चिलीतही, ‘देतेनिदो-देसापारेसिदो’ असा जोडशब्द वापरला. ‘देतेनिदो’ म्हणजे अटक केलेला, आणि हे क्रियापद सकर्मक आहे. अटक म्हटली की अटक करणारा आला. ३० एप्रिल १९७७ रोजी ब्वेनोस आयरेसच्या प्लासा दे मायो चौकात पहिल्यांदा जमलेल्या आयांनी पुढे ‘जिवंत परत करा’ ही मागणी लावून धरली, कारण जिवंत नेलं होतं आणि नेणारे माहीत होते. लॅटिन अमेरिकेच्या बोलण्यात तर क्रियापदच सकर्मक झालं: ‘लो देसापारेसिएरोन’, त्याला नाहीसं केलं. ‘झाला’ आणि ‘केला’ यांतलं जे अंतर मराठी दोन क्रियापदांनी दाखवते, ते स्पॅनिशभाषकांनी एकाच क्रियापदाला वाकवून मिळवलं.

लोकशाही परतल्यावर सरकारी आयोगानं १९८४ साली सुमारे ९,००० प्रकरणं नोंदवली. मानवाधिकार संघटना ३०,००० हा आकडा मानतात. वारसाहक्क, विवाह, मालमत्ता यांसाठी या माणसांची कायद्यात काही तरी नोंद हवी होती. ‘मृत’ लिहिणं अनेक कुटुंबांना अमान्य होतं, कारण मृतदेह नाही, तारीख नाही, मारेकऱ्याचं नाव नाही. १९९४च्या २४,३२१ क्रमांकाच्या कायद्यानं वेगळा दर्जा निर्माण केला: ‘देसापारिसियोन फोर्सादा’मुळे अनुपस्थित.

‘फोर्सादा’ म्हणजे बळजबरीनं घडवलेली. तेही धातुसाधित विशेषणच, सकर्मक ‘फोर्सार’पासून आलेलं, आणि ‘देसापारिसियोन’ स्त्रीलिंगी म्हणून स्त्रीलिंगी. बळजबरी आपोआप होत नाही, ती करणारा असावा लागतो. ज्या शब्दप्रकारानं कर्ता झाकला होता, त्याच शब्दप्रकारानं तो कायद्याच्या पानावर परत आणला.