ओतशाळेच्या सावलीतील गाव

मंडळाच्या मेळाव्यात 'आपले मूळ गाव कोणते?' हा प्रश्न हटकून निघतो. कोणी वाई सांगतो, कोणी चिपळूण. आम्ही किर्लोस्करवाडी म्हटले की समोरचे गृहस्थ उद्गारतात, "अहो, तो तर कारखाना!" म्हणून चार ओळी लिहिण्याचे योजिले.

लक्ष्मणराव किर्लोस्कर बेळगावात सायकली विकीत. १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले सहा नांगर खपण्यास दोन वर्षे लागली! पुढे शहरविस्तारासाठी बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळचा ३२ एकर माळ आणि १०,००० रुपये बिनव्याजी दिले. मार्च १९१० मध्ये निवडुंग व सर्प यांच्या त्या माळावर वसाहत सुरू झाली. चंडीगढची वसाहत त्यानंतर चार दशकांनी आखली गेली. दोन्ही ठिकाणी सारेच बाहेरून आलेले. वतन, मिरासी कोणाचीच नाही. वाडीत अस्पृश्यतेला थारा नव्हता आणि शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर रात्रीचा पहारा सोपविलेला असे. जुन्या गावात हे इतक्या सहजी घडले असते, असे आम्हांस वाटत नाही.

आमचे बालपण १९७० नंतरचे. तोवर नांगरांपेक्षा पंपांचे काम मोठे झाले होते. भोंग्यावर घरोघरची घड्याळे लागत. भट्टीचे तोंड फोडले की कुंपणापलीकडे तांबूस उजेड पसरे. ओतकाम करणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या नखांतली काळी वाळू साबणाने निघत नसे. ती किंचित ओलसर वाळू लाकडी नमुन्याभोवती ठोकून बसवायची, नमुना अलगद काढायचा आणि उरलेल्या पोकळीत रस ओतायचा. ओल अधिक झाली तर वाफ कोंडून बिडात छिद्रे पडत आणि दिवसाची मेहनत पुन्हा भट्टीत जाई. अशा दिवशी घरात कोणी मोठ्याने बोलत नसे. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतले, ही हकीकत आम्ही अशाच वडीलधाऱ्यांकडून ऐकली.

किर्लोस्करवाडीत पंप आजही होतात. आपल्या शेजारी पिंजोरचा एच. एम. टी. ट्रॅक्टर कारखाना मात्र २०१६ साली बंद झाला. तेथील वसाहतीत वाढलेले कोणी मराठी बांधव वा भगिनी हे वाचीत असतील, तर त्यांनी मंडळाच्या पुढील अंकासाठी अवश्य लिहावे.